शाळा बघायला येणारी माणसं

रविवारी सकाळी मीनाक्षी थालीपीठ थापत होती आणि तिची चौथीतली आन्या फ्रिजला टेकून तालीम करत होती.

"ही आमची लायब्ररी. इथून तुम्ही पुस्तकं... आई, चेक आऊट करणं मराठीत काय?"

"घरी नेता येतात, म्हण."

"पुस्तकं घरी नेता येतात. आणि मिस हॅलरन ओरडत नाहीत."

"हे कशाला सांगायचं?"

"बिकॉज इट्स ट्रू."

अमेरिकेत ओहायोमधल्या डब्लिनच्या शेजारचं एक उपनगर. तिथल्या क्लोव्हर रिज नावाच्या सरकारी प्राथमिक शाळेत नवी कुटुंबं आली, की चौथी-पाचवीतली काही मुलं त्यांना शाळा फिरवून दाखवतात. यंदा त्या मुलांत आन्याची निवड झाली होती आणि पोरीला अगदी आभाळ ठेंगणं झालं होतं. या वसंतात तीन मराठी कुटुंबं शाळा बघून गेली. तिघांनीही तिचा गालगुच्चा घेतला, 'किती गोड बोलते' म्हणाले आणि मुलांची नावं हायवेपलीकडच्या हंटर्स ग्लेन शाळेत घातली. आन्यानं त्यावर विचार केला आणि आपलंच काहीतरी चुकतंय, असं ठरवलं. आपण इंग्रजीतून दाखवतो, म्हणून त्यांना परकं वाटत असेल. तेव्हा आता मराठीतून. बुधवारी नागपूरची नेत्रा तिच्या आईबाबांबरोबर येणार होती. नेत्रा तिच्याच वयाची. ती इथे आली, तर पुढच्या वर्षी दोघी पाचवीच्या एका वर्गात असणार होत्या. आन्याला आणखी काहीएक नको होतं.

आता या दोन शाळांविषयी सांगायलाच हवं. दोन्ही एकाच स्कूल डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे एकाच सरकारी शिक्षण विभागाच्या; ज्या भागात घर, त्याच भागातली शाळा. तीच पुस्तकं, त्याच पिवळ्या बसेस, शिक्षकांना तोच पगार. पण इंटरनेटवर क्लोव्हर रिजला दहापैकी चार आणि हंटर्स ग्लेनला नऊ. आपली माणसं त्या आकड्याशी थांबतात, असंही नाही. ती हळू आवाजात विचारतात, "क्राउड कसा आहे?" वा रे वा. पुण्यामुंबईत ज्यांनी शपथेवर सांगितलं असतं की आम्ही कुणाची जात विचारत नाही, तीच ही माणसं. क्राउड म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. भाड्याच्या घरातली मुलं किती, काळी किती, सोमाली आणि मेक्सिकन किती, हे त्यात येतं. पूर्वी कांदेपोहे खाऊन, मुलीला चालायला लावून, 'कळवतो' म्हणत लोक उठायचे ना, तशीच ही मंडळी शाळा बघून येतात. फरक एवढाच, की इथे दाखवणारं लेकरू नऊ-दहा वर्षांचं असतं आणि त्याला नकाराची सवय नसते.

फोन वाजला. नेत्राची आई लतिका. तिचा नवरा गुरुदत्त हा मीनाक्षीच्या नवऱ्याच्या, शैलेंद्रच्या ऑफिसात नुकताच आलेला. कंपनीनं दिलेलं घर सोडून त्यांना लवकरच अपार्टमेंट घ्यायचं होतं.

पिठाचा हात पुसून मीनाक्षी आतल्या खोलीत गेली.

"ताई, खरं सांगा न. आमचे हे म्हणून राहिले, तुमच्याच कॉम्प्लेक्समध्ये घेऊ. पण शाळेचं काय?"

"टीचर्स बऱ्या आहेत गं. पण क्राउड... आपली मुलं जवळजवळ नाहीतच. जमत असेल तर पलीकडेच बघा. आम्हीसुद्धा आता शिफ्टच होतोय."

आता शिफ्टच होतोय. आन्या केजीत होती, तेव्हापासून मीनाक्षी हे वाक्य बोलत होती. आन्या पहिलं वर्षभर शाळेत एक शब्द बोलली नव्हती. लायब्ररीतल्या मिस हॅलरन रोज आपला डबा घेऊन तिच्याशेजारी बसायच्या. होदान नावाच्या सोमाली मुलीनं तिचा हात धरून तिला झोक्यावर नेलं आणि आन्याचा पहिला शब्द 'हायर', म्हणजे अजून उंच, हा होता. तीच आन्या आज पाहुण्यांना शाळा दाखवत होती. हे सगळं मीनाक्षीला ठाऊक होतं. मग ती का नाही सांगायची? कारण शाळेचं कौतुक केलं, तर बायका म्हणतील, हिचं पलीकडे घर होत नाही ना, म्हणून कौतुक. कुणी नाक मुरडण्याआधी तीच मुरडून मोकळी व्हायची. आधीच्या तिन्ही कुटुंबांनाही तिनंच सांगितलं होतं. स्वयंपाकघरात परत येऊन तिनं लेकीला 'व्यायामशाळा' शब्द शिकवला. त्या वेळी तिला स्वतःची लाज वाटली. थोडीच वाटली, पण वाटली.

बुधवारी आन्यानं सगळं मराठीतून दाखवलं. चुका झाल्या, पण ती थांबली नाही. नेत्रानं लायब्ररीतच तिचा हात धरला, तो सोडला नाही. कॅफेटेरियात लतिका टेबलांवरून नजर फिरवत राहिली. हिजाब घातलेल्या होदाननं तिला हात हलवून दाखवला. लतिकानंही हलवला.

"ही होदान. नेत्रा आमच्या टेबलवर बसू शकते," आन्या म्हणाली. "मी आधीच विचारून ठेवलंय."

लतिकाला गहिवरून आलं. मनात येईल ते बोलून टाकणारी बाई ती.

"किती छान आहे हो शाळा. मी उगाच घाबरून राहिले होते. तुझी आई म्हणाली न, इथे नका टाकू, क्राउड बरोबर नाही. तुम्ही पण सोडूनच राहिले न?"

गुरुदत्त खाकरला, पण शब्द निघून गेला होता. आन्यानं पुढचं दार उघडलं.

"अँड धिस इज द जिम," ती म्हणाली. तिथून पुढे ती मराठीत बोलली नाही.

दुपारी घरी आल्यावर तिनं बूट काढून जागेवर ठेवले.

"कशी झाली टूर?" मीनाक्षीनं विचारलं.

"लतिकामावशीला आवडली. पण ते येणार नाहीत. तू नको सांगितलंस."

मीनाक्षीनं हातातला दुधाचा कप ओट्यावर ठेवला.

"आधीच्या फॅमिलीजना पण तूच सांगितलंस?"

"तसं नाही बाळा. लोक विचारतात, मग..."

"आय थॉट मी नीट करत नाही. मी रोज प्रॅक्टिस केली, आई."

"तू छानच करतेस गं."

"होदान बॅड आहे?"

"नाही."

"मिस हॅलरन?"

"नाही, आन्या."

"मग क्राउड म्हणजे कोण? मी पण त्यात आहे ना?"

आन्या आपल्या खोलीत गेली. तिनं दार आपटलं असतं, तर बरं झालं असतं. पण ते तिनं हळूच लावलं.

शैलेंद्र आला तेव्हा मीनाक्षी ओट्यापाशी रडत होती. सगळं ऐकून तो म्हणाला, "अगं, सगळेच असं बोलतात यार. आपल्या एकट्यामुळे काय होतं?"

"आपल्यामुळेच होतं. आपली मुलगी तिथे शिकते, म्हणून तर लोक आपल्याला विचारतात. त्यांना माझं खरं वाटतं."

तिनं तिथल्या तिथे लतिकाला फोन लावला. मी चुकीचं सांगितलं, शाळा चांगली आहे, माझ्या पोरीला त्या शाळेनं बोलतं केलं. एका दमात बोलून गेली.

लतिका म्हणाली, "ताई, आम्ही सोमवारीच पलीकडच्या घराची लीज साइन केली. तुमच्या भरवशावर. शाळा बघायला आलो, ते फक्त आन्याचं मन मोडू नये म्हणून."

शनिवारी मराठी मंडळाचा पॉटलक होता, प्रत्येकीनं एकेक पदार्थ घरून करून आणायचा. मुंबईहून नवं आलेलं एक जोडपं होतं, परीक्षित आणि अस्मिता. अस्मितानं पुरीचा घास तोडत क्लोव्हर रिजच्या क्राउडविषयीचा तो नेहमीचा प्रश्न विचारला आणि चारचौघींनी मीनाक्षीकडे पाहिलं. उत्तर त्यांना पाठच होतं.

"त्या क्राउडमध्ये माझी मुलगी आहे," मीनाक्षी म्हणाली. "आणि ती तिथे सुखात आहे. आजवर मी तुम्हा सगळ्यांना खोटं सांगत आले. लोक काय म्हणतील, म्हणून. आम्ही कुठेही शिफ्ट होत नाही आहोत."

एकीनं श्रीखंड घरचं आहे का, असं विचारलं आणि बायका घाईघाईनं त्या विषयाकडे वळल्या. अस्मिता मात्र हातातली ताटली तशीच धरून मीनाक्षीकडे बघत राहिली. "आम्ही बघायला येऊ," ती म्हणाली.

गाडीत बसल्यावर मीनाक्षीला हलकं वाटत होतं. आपण काहीतरी फेडलं, असंच म्हणा ना. तिनं आरशातून मागे बसलेल्या आन्याकडे पाहिलं.

"अस्मितामावशी येणार आहे शाळा बघायला. मी पण येईन. सगळ्यांना खरं काय ते मी सांगेन."

आन्या खिडकीबाहेर बघत होती. तिनं आईचं मघाचं बोलणं ऐकलं होतं.

"ये," ती म्हणाली. "पण तू काही बोलू नकोस, आई. तू बोललीस की मला कळत नाही, तू खरं बोलतेयस का ते."