चंपतने भरलेला फॉर्म

मी पोटगीच्या खटल्यातला माहितीचा फॉर्म बोलतोय. मुलाच्या खर्चासाठी आई कोर्टात गेली, की आई-बाप दोघांनाही माझ्यासारखा एकेक फॉर्म शपथेवर भरून द्यावा लागतो. राहता कुठे, कमावता किती, घरात कोण कोण, मुलं किती. इतकं खासगी माणसं सोयऱ्याधायऱ्यांनाही सांगत नाहीत. म्हणून कोणी मला भरायला घेतलं, की मला आधी शंका येते.

माझा जन्म तेलंगणातल्या आदिलाबादच्या कोर्टासमोरचा, झेरॉक्सच्या दुकानातला. तिथून थेट टायपिस्ट मोतीरामच्या टेबलावर आलो. समोर बसला होता चंपत, वांकिडीचा किराणा दुकानदार. अंगात विटका शर्ट आणि पायात कोरे करकरीत बूट. मी तिथेच सावध झालो.

"पोरं किती?" मोतीरामने विचारलं.

"एक बी नाही. थे पोरगी माही नाही."

ती पोरगी म्हणजे चार वर्षांची चंचल. तिची आई भागीरथा चंपतचं घर सोडून दीड वर्षापासून आदिलाबादला भावाकडे राहते, भाजी विकते. लेकीला बापाचं नाव आणि शाळेचा खर्च मिळावा, एवढ्यासाठी तिने दावा केला होता. मोतीरामने चंपतकडे एकदा पाहिलं आणि टाइप केलं : अपत्य नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खोटं बोलला तो, पण ते अंगावर वागवायचं मी.

मग गरिबी दाखवायला चंपतने रेशन कार्डाची झेरॉक्स पुढे केली. "हे बी जोडा. गरीब मानूस हाय म्हना." त्याच्या लेखी ते कार्ड फक्त तांदळाचं. मोतीरामने ते न पाहता टाचलं की पाहून टाचलं, याचा मला अजून संशय आहे.

तारखेला कोर्टाच्या व्हरांड्यात चंपतच्या वकिलाने मला हातात धरलं आणि माझी प्रत भागीरथाला दिली. मी इंग्रजीत, आणि इंग्रजी तिला येत नाही; ती नुसती पानं उलटत गेली. शेवटचं पान, रेशन कार्डाचं, मात्र तेलुगूतलं, आणि तेलुगू ती शाळेत शिकली होती. त्यावर ती थांबली. घर सोडल्यावर आपली नावं याने कार्डावरून कधीच कापली असतील, अशी तिची समजूत होती.

"चंचलचं नाव हाय इथं," ती चंपतला म्हणाली. "मुलगी मनून लिवलं हाय."

"थे तं तांदळासाठी ठेवलं."

"दर महिन्याले तिच्या वाट्याचा तांदूळ उचलता तुमी. तांदूळ खायले पोरगी तुमची, आन् सांभाळायले नाही?"

वकिलाची बोटं माझ्या टाचणीवर गेली, पण भागीरथाने आपली प्रत पदराखाली घट्ट धरली होती. आता पान काढण्यात अर्थ नव्हता.

सध्या मी कोर्टाच्या कपाटात आहे. चंपतची बाजू पुढची तारीख मागणार, असं ऐकतो. माझा त्यांच्यावर काडीचा विश्वास नाही. जजसाहेब, एकच विनंती. मला शेवटच्या पानापासून वाचा. तिथे चंचलच्या बापाचं नाव आहे, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने आणून दिलंय.