सैल जोड

भाचीने तिच्या पाइपांच्या शिल्पाचे जोड बसवायला बोलावलं, तेव्हा प्लंबरमामांना काम सोडून दोन वर्षं झाली होती. तिने कारखान्यातले भंगार पाइप आणून कापले, घासले आणि पोपटी, गुलाबी, निळे, पिवळेधमक रंगवले होते. कुठलाही तुकडा कुठेही जोडायचा, हवा तसा वळवायचा, म्हणजे रोज नवं शिल्प.

"जन्मभर जोड आवळत आलो," मामा कुरकुरले, "आणि तू म्हणतेस सैल ठेवा!"

"अगदी सैल नको हो. हाताने फिरेल, पण निसटणार नाही, इतपत."

मामा महिनाभर खपले. एकेका जोडात रबरी वायसर घालून, फिरवून बघून मगच पुढे सरकले.

प्रदर्शन सुरू झालं. 'हवं तसं बदला' अशी ठळक पाटी होती. तरी लोक यायचे, हात मागे बांधून बघायचे आणि निघून जायचे. कारण तिथला पहारेकरी. 'हात लावू नका' म्हणण्यात त्याची वीस वर्षं गेली होती. या वेळी लावू द्यायचा, असं त्याला दोनदा बजावलं होतं. पण कुणी हात पुढे केला की त्याच्या तोंडून ते निघायचंच. मग तो जीभ चावायचा, तोवर माणूस दचकून लांब गेलेला असायचा.

तीन दिवसांत एक पाइप हलला नाही. भाचीचा चेहरा एवढासा झाला. "लोकांना आवडलंच नाही, मामा."

चौथ्या दिवशी मामा कामाचे जुने निळे कपडे घालून, पाना घेऊन हजर झाले आणि सरळ शिल्पाखाली शिरले.

पहारेकरी धावत आला. "अहो, हात ला... काय बिघडलंय?"

"आधी हे धरा बघू. दोन्ही हातांनी. हं, आता डावीकडे फिरवा. अजून थोडं."

गुलाबी पाइप लोण्यासारखा फिरला. खाली लोंबणारं शेपूट झोकात वर गेलं आणि त्याची मान झाली.

"अरे, हा तर उंट!" पहारेकरी ओरडलाच.

"उंट कसला? पाठीवर उंचवटा कुठाय?" मागून एक बाई म्हणाल्या आणि पिशवी खाली ठेवून पिवळा तुकडा शोधायला लागल्या. दोन बहिणींना मात्र ते बदकच हवं होतं. वाद रंगला, माणसं जमली. मामा खालून कधी बाहेर आले, कुणाला कळलंही नाही.

संध्याकाळी भाची येऊन बघते, तर दालनात ही गर्दी! एक पोपटी तुकडा तिरका बसला होता. तिने सवयीने हात घातला.

"ए मुली, मध्ये कुठे घुसतेस?" एक आजी खेकसल्या. "सकाळपासून रांग आहे इथे."

"चुकलं, आजी." भाची हसू दाबत रांगेच्या टोकाला गेली. तिथे मामा उभे होते, काखेत निळा पाइप घेऊन.

"तुम्हीपण रांगेत?"

"मग? मला त्याला सोंड लावायचीय," मामा म्हणाले. "तू माझ्या मागे थांब."