उघडी लेन्स

"ओ बाई, मागं सरा! आखाड्याच्या काठाला बायका उभ्या ऱ्हात न्हाईत," जत्रा कमिटीचा सयाजी आखाड्यातूनच ओरडला.

संयोगिता जागची हलली नाही. "आत पोरगी लढाय लागलीया ती चालती, आन् काठाला मी चालत न्हाय व्हय?"

सयाजीनं आवाज आणखी चढवला. पोरींची कुस्ती लावून टाळ्या घ्यायच्या आणि फोटो मात्र पैलवानांचेच काढायचे, ही कमिटीची रीत. पोरींची जोड लागली की त्यांचा फोटोग्राफर जेवायला जायचा. आज आत लढणाऱ्या प्रियदर्शनीनंच गेल्या जत्रेत मैदान मारलं, पण तिचा एक फोटो कुणाकडे निघाला नाही. संयोगिताच्या डोक्यातून ते जाईना. कागलात लग्नं-बारशी टिपणारी ही बाई आज बिनबोलावता आली होती.

लेन्सला ती पोटच्या पोरासारखं जपायची. चांगली अशी ती एकच, सगळा धंदा तिच्यावर. म्हणून पुढे फिल्टरची पातळ काच कायम लावलेली. हळदीचा, गुलालाचा मार तीच खायची. काचेवर काच कशाला, असं हसणाऱ्यांना ती म्हणायची, "मग तुमची लेन्स द्या की वापराय!"

आत प्रियदर्शनीनं समोरचीचे पाय ओढून पट काढला. संयोगिता गुडघ्यावर बसली, तोच सयाजीनं मूठभर माती कॅमेऱ्यावर भिरकावली. तेल-ताक पाजलेली ती तांबडी माती फिल्टरला चिकटून बसली. ओढणीनं पुसली तर आणखीच पसरली. पुसत बसलं असतं तर कुस्ती संपली असती.

तिनं फिल्टर फिरवून काढला आणि खिशात टाकला. लेन्स उघडी पडली. भीती वाटली, खोटं कशाला बोला. पण संताप भीतीहून मोठा होता.

सयाजीनं दुसरी मूठ भरली. "उठतीस का न्हाय?"

"टाक की. हिथंच हाय मी."

त्यानं टाकली. तिनं डोळा न मिटता बटण दाबलं.

लेन्सवर खडा घासून ओरखडा उमटला, कधीच न जाणारा. फोटोत मात्र प्रियदर्शनी छातीवर स्वार, खाली प्रतिस्पर्धी चीत, आणि कडेला माती फेकणारा सयाजीचा हात.

प्रियदर्शनी धापा टाकत काठाशी आली. "आला का फोटो, अक्का?"

संयोगितानं कॅमेरा पुढे केला. पोरीनं मातीचे हात पटकन पाठीमागे घेतले.

"धर," संयोगिता म्हणाली. "लागू दे माती."