उपास करून यावे

१९९३ सालचा भाद्रपद. पितृपंधरवड्याला आठ दिवस होते, तेव्हा काशीत भोसले घाटाच्या वरच्या मराठी गल्लीत मालविकेनं भिंतीला एक कागद चिकटवला. ही शरदिनीबाईंची लेक, विद्यापीठात रक्ततपासणीचं काम शिकत होती. गल्लीतल्या चाळिशीपुढच्या किती माणसांना मधुमेह आहे ते तिच्या डॉक्टरांना मोजायचं होतं. शाळा हिंदीतली, मराठी घरापुरती. तिनं लिहिलं, 'रविवारी सकाळी नऊला उपास करून यावे.'

लोकांनी मनोभावे उपास केला. कुणी साबुदाण्याची खीर खाल्ली, कुणी रबडी. शरदिनीबाईंनी पहाटे उठून शिंगाड्याचा शिरा केला. त्यांचे यजमान शिवरामभट दोन वाट्या शिरा आणि वर पेढे खाऊन रक्त द्यायला गेले.

बावन्न जणांत एकवीस जणांची साखर चढलेली निघाली. सगळ्यांत जास्त शिवरामभटांची. डॉक्टर चक्रावले, मग उपासाचा उलगडा झाला आणि गल्ली आठवडाभर हसली. शेजारचे रत्नाकर मास्तर येता-जाता म्हणायचे, "मालविकाबाई, मधुमेह शिऱ्याला झालाय, आम्हांला नाही." डॉक्टरांनी सगळ्यांना पुन्हा बोलावलं, काहीही न खाता. चौघं गेले. शिवरामभट गेले नाहीत.

शरदिनीबाईंना हसू येत नव्हतं. दोन महिने रोज सकाळी शिवरामभट लघवी करून आले की त्यांना मोरीत मुंग्यांची रांग दिसत होती. त्यांच्या वडिलांच्या मोरीतही अशीच लागायची, आणि वडील कशानं गेले ते त्या विसरल्या नव्हत्या. त्या गुपचूप तांब्याभर पाणी ओतायच्या. पण पंधरवड्यात शिवरामभटांना सोळा घरांची श्राद्धाची आमंत्रणं होती. पंक्तीतलं पहिलं पान त्यांचं. खीर नको म्हणणाऱ्या ब्राह्मणाला पुढच्या वर्षी कोण बोलावणार?

तरी एकदा त्या बोलल्या. "अहो, तपासून या. मोरीत मुंग्या लागतात."

"मी खीर टाकून उठलो, तर लोकांचे बाप उपाशी राहतील," ते म्हणाले. "मुंग्यांचं तू बघ."

संध्याकाळी मालविकेनं विचारलं, "आई, बाबांचं तुला काही जाणवलंय का? खरं सांग, मी त्यांना ओढून नेईन."

"काही नाही," शरदिनीबाई म्हणाल्या.

शिवरामभट सोळाही घरी जेवले. कार्तिकात घाटाच्या पायरीवर अंगठा ठेचकाळला. जखम भरेना, काळी पडली. माघात पाय गुडघ्याखाली कापला. डॉक्टरांनी विचारलं, आधी काहीच लक्षण नव्हतं का? शिवरामभटांनी बायकोकडे बोट केलं. "हिला विचारा. मुंग्या हिनं पाहिल्यात." मालविका खाटेशीच उभी होती.

पाय तुटलेला ब्राह्मण श्राद्धाला चालत नाही. त्यांना पुन्हा कुणी बोलावलं नाही. खिडकीशी बसून ते १९९६ साली गेले. रत्नाकर मास्तरांची दृष्टी पुढच्याच वर्षी गेली. आकडे बिघडले म्हणून डॉक्टरांनी आपल्या मोजणीतून ही गल्लीच तेव्हा वगळली होती. मालविका लखनौला नोकरी धरून राहिली. साखर चढलेल्या त्या एकवीस जणांची यादी तिनं जपून ठेवली होती, गल्लीतून कुणाला खरंच मधुमेह निघाल्याची बातमी आली की खूण करायची. एकविसांपैकी तेरा नावांवर खुणा झाल्या. वडील होते तोवर त्यांना पत्रं यायची. आईला दिवाळीचं कार्ड येतं, खाली नुसती सही.

तेरांतलं एक नाव शरदिनीबाईंचं. त्या गोळ्या घेतात, चहा बिनसाखरेचा पितात. नवऱ्याच्या तिथीला खीर मात्र स्वतःच करतात, आणि पानावर बसलेल्या ब्राह्मणाच्या पायांकडे बघत वाढतात.