दोन फुटांत तेवीस

“त्या टाकीला हात लावलास तर याद राख,” बाबा म्हणाले. “नववीत शाळा सोडलेला माणूस आता मला मासे शिकवणार.”

“शिकवत नाहीये. मोजायला सांगतोय. मोजता येतं ना?”

“तोंड आवर.”

“तेवीस आहेत. दोन फुटांच्या टाकीत तेवीस. आणि तुम्ही चोविसावा आणलाय.”

चोविसावा बाबांच्या हातातल्या पिशवीत होता. केशरी, पोटाला गोल, शेपटीचं वरचं टोक पांढरं. हुबेहूब साहेबासारखा. तो बघूनच माझं डोकं सटकलं. कारण खरा साहेब अजून जिवंत होता. टाकीत वर येऊन, पाण्याच्या कडेला तोंड लावून हवा गिळत होता, कल्ले लालबुंद झाले होते, पण जिवंत होता. आणि बाबा त्याचा डुप्लिकेट घेऊन आले होते.

“तो मेलाच असं धरून चाललात तुम्ही.”

“हळू बोल. आजोबा ऐकतायत.”

आजोबा ऐकतातच. चार महिन्यांपूर्वी त्यांच्या अर्ध्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून बोलता येत नाही, पण कान शाबूत आहेत. त्यांची कॉट बाहेरच्या खोलीत भिंतीला लावलीय आणि समोरच्या टेबलावर टाकी. टाकी आजोबांचीच. आजारी पडायच्या आधी त्यांनी हाताने आणलेली, तीन माशांसकट. दोन काळे मोली आणि एक केशरी गोल्डफिश. हा गोल्डफिश पोट पुढे काढून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे उगाच फेऱ्या मारायचा, म्हणून आजोबांनी त्याचं नाव ठेवलं साहेब.

आजोबांची मान वळत नव्हती. व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनीच पहिल्यांदा बघितलं की साहेब उजवीकडे गेला की आजोबांची नजर जाते, आणि नजरेमागे मानही जराशी जाते. त्या म्हणाल्या, रबरी चेंडू राहू दे, हा मासाच आपला व्यायाम. आता आजोबांची मान जवळजवळ खिडकीपर्यंत वळते. दुसऱ्या कुठल्या माशाकडे ते बघतसुद्धा नाहीत. साहेब गेला की ते परत छताकडे बघत पडणार, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. म्हणून तर बाबा डुप्लिकेट घेऊन आले.

सगळा घोळ त्या व्यायामवाल्या ताईंच्या वाक्यानेच झाला. आईने ते फोनवर आत्याला सांगितलं. आत्याला सांगणं म्हणजे भोंगा लावणं. मग आजोबांना बघायला येणारं प्रत्येक माणूस मासा घेऊन यायला लागलं. आजारी माणसाकडे लोक फळं नेतात, बिस्किटं नेतात. आमच्याकडे लोक पिशवीत पाणी झुलवत जिना चढायचे. शेजारचे काका दोन घेऊन आले. आजोबांचे जुने ऑफिसवाले सहा घेऊन आले, माणशी एक. चुलत बहीण आली ती रंगाला रंग जुळवून चार घेऊन आली, जणू पडद्याचं कापडच. आणि प्रत्येक वेळी तेच, पिशवी आजोबांसमोर धरायची, आजोबा चांगला हात जरासा वर करायचे, पंजा समोर. मग आई म्हणायची, “बघा, आशीर्वाद देतायत.” मग सगळे खूश. मग पिशवी टाकीत.

आल्या-गेल्याने चिमूटभर खाऊही टाकायचा. का तर ते वर येतात, गोड दिसतात.

“पांढरे ठिपके पडतात तो रोग आहे हा,” बाबा म्हणाले. “दुकानातल्या पोराने सांगितलंय. औषध चालू आहे.”

“कुठे आहेत ठिपके? दाखवा एक.”

“पडायच्या आधीच औषध द्यायचं असतं.”

“दहा दिवसांत तीनदा ओतलंत. पाणी निळं झालं. पाच मेले.”

हे मी बोलायला नको होतं. बाबांनी आजोबांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि कानाखाली वाजवायला उचललेला हात खाली घेतला. पाच मेले ते बाबांनी पहाटे गुपचूप जाळीने काढून टाकले होते आणि आजोबा उठायच्या आत तसेच्या तसे पाच आणून सोडले होते. त्यामुळे घरात कुणालाच कळलं नाही की मासे मरतायत. आणि मासे मरूनही गर्दी कमी झाली नाही.

मला कळलं, कारण मला काम नाही. शाळा सोडल्यापासून सगळे हे वाक्य माझ्या तोंडावर मारतात, तर घ्या. काम नाही म्हणून मी टाकीसमोर बसतो आणि बघतो. रोग असता तर एकाला झाला असता, मग दुसऱ्याला. इथे सकाळी सगळे एकदम वर येतात. काळे, केशरी, चट्टेरी, सगळे. कुणाच्या अंगावर ठिपका नाही, फोड नाही. पर मिटलेले, कल्ले लाल. सगळ्यांना एकाच वेळी एकच त्रास होतोय म्हणजे जे सगळ्यांना सारखं आहे तेच बिघडलंय. ते म्हणजे पाणी. यासाठी नववी पास असावं लागत नाही.

मी परवा जॅमच्या बाटलीत पाणी भरून टाकीवाल्याकडे गेलो. पोरगा नाही, खुद्द मालक. त्याने नळीत पाणी घेऊन त्यात थेंब टाकले. म्हणाला, पिवळं राहिलं तर ठीक. ते गर्द हिरवं झालं. तो चष्मा वर करून बघायला लागला.

“मासे किती?”

“तेवीस.”

“टाकी?”

“दोन फुटी.”

“टाकी आहे की लोणच्याची बरणी? अरे, ते स्वतःच्याच घाणीत श्वास घेतायत. औषध कसलं मागतोस, त्यांना जागा दे. एक मोठा आणि फार तर दोन छोटे, बस. स्पंज कशाने धुता?”

आमच्या फिल्टरचा स्पंज आई दर रविवारी भांड्यांच्या पावडरीने घासते. नळाखाली, पांढराशुभ्र होईपर्यंत. टाकीवाल्याने कपाळाला हात लावला. त्या स्पंजात जे बारीक जिवाणू राहतात तेच म्हणे माशांची घाण पचवतात. दर रविवारी आई सगळे सफाई कामगार मारून टाकत होती. घरी येऊन तिला हे सांगितलं, तर डोळ्यांत पाणी. “म्हणजे मी आता घाण ठेवायची का घरात?” दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

ढळढळीत पुरावा पाहिजे म्हणून काल संध्याकाळी मी आजोबांचे दोन जुने मोली बादलीत काढले. दिवसभर उघडं ठेवलेलं साधं पाणी, औषधाचा थेंब नाही. आज सकाळी ते बादलीच्या तळाशी मजेत फिरत होते, पर उघडे, एकमेकांच्या मागे लागलेले. बाबांना नेऊन दाखवलं.

“मेले नाहीत इतकंच,” बाबा म्हणाले.

बाबा डेपोत बस दुरुस्त करतात. मी विचारलं, “इंजिन तापलं तर तुम्ही आधी पाणी बघता की वरून रंग मारता?” तिथून हे भांडण सुरू झालं होतं, आणि मी साहेबाला बादलीत घ्यायला जाळी उचलली तेव्हा बाबा म्हणाले, हात लावलास तर याद राख.

“ताप आलेल्या माणसाला कुणी घराबाहेर काढतं का?” बाबा म्हणाले. “जागेवरून हलवलास तर आत्ता जाईल तो.”

“जागेवरच जाणार आहे. तुम्हीच तर बदली आणलाय.”

“मग काय करायचं होतं? अण्णांना सांगायचं होतं, तुमचा साहेब मेला म्हणून?” हे बाबा इतकं हळू बोलले की मला जास्तच राग आला. ओरडले असते तर बरं झालं असतं.

तेवढ्यात जिन्यात आत्याचा आवाज. ती आवाज आधी पाठवते, मग स्वतः येते.

“दार उघडंच? बरं झालं. हे बघा अण्णा, काय आणलंय तुमच्यासाठी. चार आहेत. दुकानदार म्हणाला, हे फार काटक.”

“ठेव तिकडे,” मी म्हणालो.

“ठेव काय? गुदमरतील पिशवीत. पोरगं काय बोलतंय रे हे?”

“पिशवीतच बरे आहेत. टाकीत जास्त गुदमरतील.”

“बघितलंस?” आत्या बाबांना म्हणाली. “शाळा सुटली की जीभ सुटते. बापाचा धाक नाही, दुसरं काय.”

तिने पिशवी आजोबांसमोर धरली. आजोबांनी हात उचलला. पंजा समोर, बोटं जुळलेली, अंगठा बाजूला.

“द्या, द्या आशीर्वाद,” आत्या म्हणाली.

या वेळी मी कॉटच्या पायथ्याशी उभा होतो, म्हणून तो पंजा सरळ माझ्यावर आला. आणि मी तो ओळखला. मी पाच-सहा वर्षांचा असताना सुट्टीत आजोबांबरोबर त्यांच्या कामावर जायचो. आजोबा तेहतीस वर्षं लिफ्टमन होते, नऊ मजली ऑफिसात. त्यांच्या स्टुलाशेजारी मी कोपऱ्यात उभा असायचो. लिफ्टमध्ये पाटी होती, सहा माणसं. सातवं माणूस आत पाय टाकायला लागलं की आजोबा काही बोलायचे नाहीत. नुसता हात. पंजा समोर, बोटं जुळलेली, अंगठा बाजूला. म्हणजे बस, भरली. माणूस जागच्या जागी थांबायचं, कितीही मोठं असलं तरी. एकदा कंपनीचा सगळ्यात वरचा माणूस शेवटी चढला आणि आजोबांनी त्यालाच उतरवलं. शेवटी चढला तो आधी उतरतो, एवढाच त्यांचा कायदा. घरी येऊन रंगवून सांगायचे.

आणि आम्ही दोन महिने त्या हाताखाली आशीर्वाद घेत उभे होतो.

माझ्या अंगाची आग झाली. आमचीच चीड आली, माझी सगळ्यात जास्त. मी दिवसभर मासे बघत होतो, आजोबांकडे बघितलंच नव्हतं.

“तो आशीर्वाद नाहीये,” मी म्हणालो.

“मग काय आहे?” आत्या.

“लिफ्ट भरली. बाबा, तुम्ही पण बघितलाय हा हात. लिफ्ट भरली की दाखवायचे तो.”

मी गुडघ्यावर बसलो, आजोबांच्या तोंडासमोर.

“आजोबा, टाकीत किती जण?”

हात कॉटवर पडला होता. तो परत उचलायला त्यांना वेळ लागला. आत्या काहीतरी म्हणायला गेली, तर आतून आलेल्या आईने तिच्या दंडाला धरलं. आजोबांनी तीन बोटं काढली. तिसरं थरथरत होतं, पण तीन.

“आणि आधी कोण उतरायचं?”

बोट आत्याच्या पिशवीकडे गेलं. मग बाबांच्या हातातल्या डुप्लिकेटकडे. मग टाकीकडे, आणि तिथे ते हलत राहिलं, हा, हा, तो, हा.

“बघा, मोजता येतं त्यांना,” मी बाबांना म्हणालो. हे बोलायची गरज नव्हती. पण बोललो.

बाबांनी पिशवी टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता खरंच वाजवणार. ते आत गेले, मोठी पांढरी बादली घेऊन आले, तिच्यात टाकीतलंच पाणी ओतायला लागले. काल भरून उघडी ठेवलेली दुसरी बादलीही त्यांनी स्वतःच टाकीजवळ ओढली.

“सगळं नवं नको,” मी म्हणालो. “तिसरा भाग आज, तिसरा उद्या.”

“कळलं. रेडिएटरसुद्धा एकदम गार पाण्याने भरत नाहीत.” आणि मग, “एवढे घेऊन जाणार कुठे? टाकीवाला परत घेईल?”

“त्याच्याकडे जागा नाही. कालच विचारलं.”

“मग?”

जागा एकच होती आणि मला ती परवापासून माहीत होती. शाळेच्या मागे, प्रयोगशाळेच्या खिडकीखाली, सिमेंटचा हौद आहे. खोल, मोठा, वर पानं तरंगतात. त्यात दोन बेडूक आणि एक गोगलगाय. तो हौद बेडूक सरांचा. ते विज्ञान शिकवतात, त्यांचं हे नाव मीच पाडलंय. त्यांनी वर्गात मला रिकामटेकडा म्हटलं, मी प्रयोगशाळेचं दार आपटलं, दाराची काच फुटली, आणि दुसऱ्या दिवसापासून मी गेलो नाही. कुणी काढलं नव्हतं.

“शाळेत,” मी म्हणालो.

आत्या हसली. “कुठल्या तोंडाने?”

“याच.”

बाबा वीस मासे एकेक करून बादलीत घेत होते. बसचा स्क्रू काढावा तसं, ओठ दाबून. मी दोन मोली परत टाकीत सोडले. साहेबाला कुणी हात लावला नाही. तो अजून वरच आहे, अजून गिळतोय, पण मधे दोनदा खाली जाऊन आला. दुसऱ्या वेळी आजोबांची मान त्याच्याबरोबर गेली. तो जगेल की नाही, मला माहीत नाही. टाकीवाला म्हणाला होता, पाणी बदललं की त्या संध्याकाळपर्यंत कळेल. आईने स्पंज टाकीच्याच पाण्यात एकदा बुचकळला आणि मळकाच परत लावला, तोंड असं करून की मेलेली पाल उचललीय. आत्या तिच्या चार माशांची पिशवी मांडीवर घेऊन बसलीय. म्हणते, एक तरी राहू द्या. आजोबांनी परत पंजा दाखवला. मी हसलो नाही. मला अजून राग आहे, सगळ्यांचा.

बेडूक सरांना काय सांगायचं हे मी चार वेळा ठरवलं आणि चारही वेळा मनातल्या मनात त्यांच्याशी भांडलो. काचेचं ते काढणारच. आणि विचारतील, रोगी मासे माझ्या हौदात सोडतोस? तर त्यांना ती हिरवी नळी दाखवायची. टाकीवाल्याकडून मागून आणलीय, खिशात आहे. बाकी काही दाखवण्यासारखं नाही माझ्याकडे.

आज शनिवार, शाळा अर्धा दिवस. साडेबाराला शिपाई गेटला कुलूप लावतो आणि घड्याळात बाराला दहा कमी आहेत. डुप्लिकेटची पिशवी बादलीच्या कडीला अडकवलीय, आत्याच्या मांडीवरची मी काढून घेतलीय, आत्या अजून बोलतेय. खाली बाबा स्कूटर चालू करून हॉर्न वाजवतायत, सारखा, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा. बादली माझ्या हातात आहे, पाणी हिंदकळतंय. मला निघायला हवं.