रिकाम्या खोलीतला आवाज

मित्रांनो, हसू नका. मी एक जुना लाकडी ट्रायपॉड आहे. कॅमेरा डोक्यावर घेऊन उभं राहायचं, एवढंच माझं काम. एक पाय तारेने बांधलाय, पण ताठा अजून गेलेला नाही.

एका सुताराने मला घडवलं आणि एका सिनेदिग्दर्शकाने घरी आणलं. माणूस भलता हट्टी! कॅमेरा एकदा माझ्यावर बसवला की हलवायचा नाही. पात्र बोलून निघून गेलं तरी हा 'कट' म्हणायचा नाही. रिकामी खोली, भिंतीवरचं ऊन टिपत राहायचा. कुणी त्याला कवी म्हणालं, कुणी झोपेची गोळी. मला मात्र त्याचा फार अभिमान होता. इतर ट्रायपॉड दिवसभर नाचायचे, मी आपला निवांत.

शेवटचा सिनेमा त्याने घरातच केला, आजारी बायकोवर. कॅमेऱ्यासमोर तिची दातखीळ बसायची. कप उचलून स्वयंपाकघरात गेली, की तिथून बोलणं सुरू. "अहो, तुमच्या त्या तीन पायांच्या जावयाला हलवा आता, केर काढायचाय!" दिग्दर्शक गालातल्या गालात हसायचा आणि कॅमेरा चालूच ठेवायचा. तिचा आवाज कुठे टिपला गेला असेल, तर तेवढाच.

ती गेली. दिग्दर्शकाने अंथरूण धरलं. मुलाने संकलन हाती घेतलं. पोरगा गुणी, पण घाईचा. लोक कंटाळतात म्हणून त्याने, आवाज बंद ठेवून नुसतं चित्र बघत, सगळ्या रिकाम्या खोल्या कापल्या आणि कॉम्प्युटरवरून कायमच्या पुसल्या. मी कोपऱ्यात उभा राहून बघत होतो. जीव तुटत होता नुसता!

सिनेमाला टाळ्या मिळाल्या. पहिल्यांदाच कुणी मध्येच उठून गेलं नाही. मग एका दुपारी म्हातारा उठून बसला आणि त्याने तो पाहिला.

"अरे, ती बोलते ते कुठाय?"

"आई? ती कुठे बोलते त्यात?"

"आत गेल्यावर रे."

मुलगा पांढराफटक पडला. "बाबा, तिथे कुणीच दिसत नव्हतं हो..."

म्हाताऱ्याने आवाज पूर्ण वाढवला आणि सिनेमा पुन्हा लावला. ती कप उचलते, दाराकडे वळते, आणि लगेच पुढचं दृश्य. आता तो रोज लावतो.

मित्रांनो, कळकळीने सांगतो, काही पुसण्याआधी एकदा कान देऊन ऐका. परवा तो मुलाला म्हणाला, "तिचा आवाज कसा होता, आठवेनासं झालंय रे." मला तो लख्ख आठवतो. पण त्याला ऐकवू कसा?