डानकुर्बीनं गुरं चोरली का?

संतरामनं तो सिनेमा गुरुवारी पाहिला आणि भावसिंगनं शुक्रवारी. सगळा घोळ त्यातून झाला.

कापसाचे दिवस होते. संतराम डोंगरकड्याचा शेतकरी, गाडी भरून हिंगोलीला जिनात कापूस घालायला आला होता. भावसिंग डोंगरकड्याजवळच्याच तांड्यातला. त्यानं बाजारात गोऱ्हे विकायला आणले होते. दोघांची तोंडओळख होती. वाटेत भेटले तर रामराम व्हायचा, त्यापुढं बोलणं नसायचं. शनिवारी सकाळी परतताना भावसिंग पायी निघालेला दिसला, तसं संतरामनं त्याला गाडीत घेतलं.

गाव सुटल्यावर संतराम आपल्याशीच हसला. भावसिंगनं कारण विचारलं. संतराम जरा लाजला, कारण वयानं चाळिशीकडे झुकलेला माणूस तंबूतला सिनेमा आठवून हसतो हे सांगायचं कसं? पण सांगितलं. म्हणाला की स्टेशनाजवळ तंबू लागलाय, त्यात विलायती सिनेमा पाहिला, आणि तेव्हापासून तो मोठ्या टोपीचा घोडेस्वार डोळ्यापुढून हलत नाही.

"डानकुर्बी?" भावसिंगनं विचारलं.

संतरामनं बैलांचे कासरे ओढून गाडीच थांबवली.

त्या माणसाचं नाव डॅन कॉर्बी की असंच काही होतं. हिंगोलीत दोन दिवसांत त्याचा डानकुर्बी झाला. हे नाव सिनेमात काम करणाऱ्याचं की गोष्टीतल्या माणसाचं, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. सिनेमा मुका होता. मधूनमधून काळ्या पाटीवर पांढरी इंग्रजी अक्षरं यायची, ती तंबूत कुणाला वाचता येत नव्हती. म्हणून पडद्याशेजारी लतीफमियां नावाचा माणूस उभा राहायचा आणि काय चाललंय ते दखनी-मराठीत सांगायचा.

कळमनुरी येईपर्यंत दोघांना वाट कशी सरली ते कळलं नाही. डानकुर्बी घोड्यावर कसा बसतो, टोपी मागं कशी सारतो, हसताना अर्धंच तोंड कसं हसतं, सगळं बोलून झालं. नदीतून गुरं पार करण्याचा प्रसंग भावसिंगनं असा सांगितला, की संतरामला तो पुन्हा पाहिल्यासारखा वाटला. लांब शिंगांची शेकडो गुरं, पाण्यावर नुसती तोंडं आणि शिंगं दिसतात, एक वासरू धारेला लागतं आणि डानकुर्बी घोडा तसाच खोल पाण्यात घालतो. भावसिंगचे आजे-पणजे बैलांवर धान्य-मीठ लादून मुलुखभर फिरलेले. त्या लदेणीच्या गोष्टी ऐकत तो वाढला होता, पण एवढी गुरं एकदम पाण्यात उतरताना त्यानं जन्मात पाहिली नव्हती.

"चोर असला तरी मानूस जिगरीचा," संतराम म्हणाला.

भावसिंगचा चेहरा बदलला. "चोर कोन?"

"डानकुर्बी. गुरं चोरीचीच व्हती की."

"गुरं त्याची सोताची व्हती. ते पांढऱ्या सदऱ्याचं सावकार खोटा आळ घेऊन राहिलं त्याच्यावर."

संतरामला वाटलं, हा थट्टा करतोय. लतीफमियांनी चोख सांगितलं होतं की डानकुर्बी गुरं पळवतो, पांढऱ्या सदऱ्याचा मालक त्याचा पाठलाग करतो, शेवटी डानकुर्बीला पस्तावा होतो आणि तो छातीवर गोळी झेलून मरतो. भावसिंग म्हणाला, मरत नाही. ती पोरगी त्याला पट्टी बांधते आणि आनंदानं हसते. संतराम म्हणाला, ती हसत नाही, रडते, तिचे खांदे हलताना आपण या डोळ्यांनी पाहिले. खांदे भावसिंगनंही पाहिले होते.

मग उलगडा झाला तो एवढाच, की शुक्रवारी लतीफमियांना ताप भरला होता आणि दारावर तिकिटं फाडणाऱ्या मोहनसिंगनं पडद्याजवळ उभं राहून गोष्ट सांगितली होती. संतराम सहज बोलून गेला, की तिकिटं फाडणाऱ्याला काय कळतं, लतीफमियांचंच बराबर असणार. चोर तो चोरच.

भावसिंग चालत्या गाडीतून उतरला. घोंगडी खांद्यावर टाकून रस्त्याच्या कडेनं चालू लागला. संतरामनं हाका मारल्या, गाडी हळू केली, बाजूनं चालवली, पण त्यानं मान वर केली नाही.

घरी आल्यावर संतरामनं बायकोला, सुमनबाईला, हे सांगितलं. सिनेमातल्या माणसाला चोर म्हटलं म्हणून कुणी रागावतं का, असं त्यानं विचारलं. तिनं उलट विचारलं की हा डानकुर्बी त्यांच्या नात्यातला आहे का. संतरामनं नाही म्हटलं, पण नंतर त्यालाच खात्री वाटेना. दोन-तीन दिवस तो रानात काम करताना सिनेमा मनात पुन्हा चालवून पाहत होता. पांढऱ्या सदऱ्याचा माणूस बोट दाखवतो, डानकुर्बी मान हलवतो. ती मान 'व्हय' म्हणते की 'न्हाई'? पाहताना ती स्पष्ट 'व्हय' वाटली होती. आता भावसिंगचं ऐकल्यापासून ती 'न्हाई' दिसू लागली होती.

आठवडा उलटल्यावर भावसिंग स्वतःच त्याच्या रानात आला. रागाचं काही बोलला नाही. तंबू वसमतला गेलाय, आपण दोघांनी जोडीनं जाऊन पाहू आणि काय ते ठरवू, एवढंच म्हणाला. संतराम खुरपं टाकून लगेच तयार झाला. मग भावसिंग जरा अडखळत म्हणाला, आई पण यायचं म्हणते. तिला ती नदीतली गुरं पाहायची आहेत.

भावसिंगची आई जिवनबाई लहानपणी बैलांच्या तांड्याबरोबर चाललेली बाई. हातात कोपरापर्यंत बलोतीच्या पांढऱ्या बांगड्या, अंगावर आरशांची काचोळी. गाडीत ती मागं बसली. संतरामनं तिला माय म्हणून हाक मारली, वसमत किती राहिलं ते सांगितलं, तिनं नुसती मान हलवली.

दिवेलागणीला तंबूत ते तिघं पुढच्या ताडपत्रीवर बसले. बाहेर इंजिन धडधडत होतं. लतीफमियां बरे झाले होते, पडद्याशेजारी उभे होते. संतरामला मनातून बरं वाटलं, आता भावसिंगच्या कानावर खरी गोष्ट पडेल. पण लतीफमियांनी सुरुवात केली तीच वेगळी. डानकुर्बी आणि पांढऱ्या सदऱ्याचा माणूस सख्खे भाऊ आहेत, म्हणाले. गुरं बापाची, वाटणीवरून भांडण. संतरामनं भावसिंगकडे पाहिलं, भावसिंगनं संतरामकडे. चित्रं तीच होती. तीच टोपी, तीच नदी, तेच वासरू.

गुरं पाण्यात उतरली तेव्हा जिवनबाई पुढं सरकली. तिचे ओठ हलत होते. तोंडातून गुरं हाकायचा आवाज निघाला, हलकाच, पण संतरामनं ऐकला. डानकुर्बीचा चेहरा पडद्यावर मोठा झाला तसं तिनं भावसिंगच्या दंडाला धरलं आणि विचारलं, "ह्यो कुठल्या मुलखाचा? शंकरला ह्यो भेटला असंल का?"

भावसिंग म्हणाला, "याडी, ते लई दूर हाय."

"शंकर बी दूरच गेला की," ती म्हणाली, आणि पुन्हा पाहू लागली.

शेवटी डानकुर्बी जमिनीवर पडला, पोरगी त्याच्यावर वाकली, तिचे खांदे हलले आणि पडदा पांढरा झाला. वसमतच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. या वेळी लतीफमियां म्हणाले होते की भाऊ भेटले आणि जखम भरून आली. संतरामला ते रडणंही वाटलं आणि हसणंही.

ते धर्मशाळेत मुक्कामाला राहिले आणि सकाळी तंबूवर गेले. लतीफमियां बाजेवर बसून बशीतून चहा पीत होते. भावसिंगनं हात जोडून विचारलं की साहेब, खरं काय ते सांगा, त्यानं गुरं चोरली का?

लतीफमियांनी दोघांकडे नीट पाहिलं. थट्टा करायला आले असतील असं वाटून आधी ते जरा रागावले. पण दोघांचे चेहरे पाहून त्यांनी बशी खाली ठेवली. सांगितलं की त्यांना इंग्रजी येत नाही. सिनेमा कंपनीकडे आला तेव्हाच त्याचं पहिलं रीळ जळालेलं होतं. गुरं कुणाची, भांडण कशावरून, हे त्या रिळात असणार. बाकीच्यावरून ते अंदाजानं सांगतात. जिथं लोक चोर मेल्यावर खूश होतात तिथं तसं, जिथं भाऊ भेटल्यावर खूश होतात तिथं तसं. मोहनसिंगला तर आपल्याला ताप आला म्हणून आयत्या वेळी उभं केलं, त्यानं काय सांगितलं ते ठाऊक नाही.

"पन तुमाला काय वाटते?" भावसिंगनं विचारलं. "तुमी तर रोज पाहता."

"भाई, मैं इत्ते दिन देखा, मेरेकू भी मालूम नहीं," लतीफमियां म्हणाले. "कभी लगता है, चुराया. कभी लगता है, नहीं."

गाडी डोंगरकड्याच्या वाटेला लागली. जिवनबाई मागं झोपली होती.  मग संतरामनं विचारलं, शंकर कोण?

भावसिंग बैलांकडे पाहत सांगू लागला. शंकरसिंग त्याचा थोरला भाऊ. खूप वर्षं झाली. पलीकडच्या एका गावातला बैल हरवला आणि लोक सरळ तांड्यावर आले. तांड्यावरच का, हे कुणी विचारलं नाही. शंकरसिंग त्या रात्री घरी नव्हता. जमादारानं दोन दिवसांत हजर करा म्हणून धमकावलं. शंकरसिंग आला, आईच्या हातची भाकर खाल्ली, आणि पाणी प्यायला म्हणून उठला तो परत आलाच नाही.

संतरामला कळमनुरीच्या रस्त्यावर आपण काय बोललो ते आठवलं. माफी कशी मागायची ते त्याला सुचेना. मागावी तर भावसिंगच्या भावाला आपण चोर म्हटलं असं होतं, आणि तसं त्यानं म्हटलं नव्हतं. शेवटी त्यानं जे मनात होतं तेच विचारलं.

"त्यानं नेला व्हता का बैल?"

भावसिंगनं राग धरला नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून त्याला सुटल्यासारखं झालं असावं.

"मला म्हाईत न्हाई, भाऊ," तो म्हणाला. "याडी म्हनते न्हाई. जमादार म्हनला व्हय. मी लोकांला सांगतो, न्हाई नेला. पन एकटा असलो म्हंजे वाटते, नेला नसता तर पळाला काहून? मंग वाटते, न्हाई नेला तरी मानूस पळलच की. मार कोन खाईल?"

"बैल सापडला?"

"न्हाई. बैल बी न्हाई, भाऊ बी न्हाई."

 संतरामनं तंबाखूची चंची काढून पुढं केली. भावसिंगनं चिमूट घेतली. डानकुर्बीची मान कशी हलली होती यावर ते गाव येईपर्यंत पुन्हा बोलत राहिले, पण आता कुणी कुणाला खोडत नव्हतं. एक म्हणायचा, असं असंल. दुसरा म्हणायचा, तसं बी असंल.

त्यानंतर भावसिंगचं डोंगरकड्याला येणं वाढलं. चावडीवर लोक संतरामला सिनेमाची गोष्ट सांगायचा आग्रह करत. एकदा भावसिंग समोर बसलेला असताना त्यानं सांगायला घेतली. टोपी, घोडा, नदी, सगळं रंगलं. म्हातारे माणिकराव पाटील मध्येच म्हणाले, ते असू दे, गुरं कुणाची होती? संतराम थांबला. भावसिंगकडे पाहावंसं वाटलं, पण पाहिलं नाही. ते आमाला म्हाईत न्हाई, असं तो म्हणाला. लोक हसले. एवढ्या लांब दोनदा जाऊन हेच कळलं नाही तर पाहिलं काय, असं माणिकराव म्हणाले. संतराम तसाच पुढं सांगत राहिला, आणि शेवटाला आल्यावर म्हणाला की पोरगी वाकली, तिचे खांदे हलले, पुढं काय झालं ते दाखवलं नाही. लोकांना ती गोष्ट अजिबात आवडली नाही. भावसिंगला आवडली की नाही, ते संतरामला त्याच्या तोंडावरून कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात हिंगोलीला दुसराच तंबू आला. त्यात बोलता विलायती सिनेमा होता. दोघं हौसेनं गेले. जिवनबाईला विचारलं, तर ती म्हणाली, एकदा पाहिलं, पुरे झालं.

पडद्याशेजारी आता कुणी उभं नव्हतं. माणसं स्वतःच बोलत होती, भरभर, नाकातून, आणि तंबूतल्या कुणालाही त्यातला शब्द कळत नव्हता. एक जण घोड्यावरून आला. टोपी मोठीच होती, पण मिशी होती, आणि अंगानं जरा सुटलेला होता. हसताना तोंड कुठल्या बाजूनं हसतं ते पाहायला दोघं टक लावून बसले. तो सबंध सिनेमाभर एकदाही हसला नाही.

बाहेर आल्यावर भावसिंगनं विचारलं, "त्योच व्हता का?"

"मला तर त्योच वाटून राहिला," संतराम म्हणाला. "आवाज आइकला न्हाई का, कसा जड व्हता?"

"पन त्याचा आवाज आपुन कवा आइकला व्हता?"

संतराम विचारात पडला. ते खरंच होतं. दोघं तंबूच्या दाराशी बराच वेळ उभे राहिले, माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली. मग भावसिंग म्हणाला की उद्या बाजार आहे, नाहीतरी थांबावंच लागेल, तर पुन्हा एकदा पाहू. या खेपेला तू तोंडाकडं पाहा, मी घोड्यावर बसण्याकडं पाहतो.